ओवाळलेला तुकडा

कुत्रा माझ्या हट्टापायी घरात आला, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला मांजरसुद्धा चालत नसे, आणि सासूबाईंच्या लेखी कुत्र्याची जागा फाटकाबाहेर. पण कुवेतमध्ये, सबाह अल-सालेमला, आमचं घर तळमजल्यावर होतं. नवरा पहाटेच फहाहीलच्या बाजूला कामावर जाई, मी कुवेत सिटीतल्या ऑफिसात. सासूबाई दिवसभर एकट्या. एका दुपारी कोणीतरी भिंतीवरून अंगणात उतरला आणि मागचं दार बराच वेळ हलवत राहिला. दार उघडलं नाही, तो निघून गेला. पण आम्ही परतलो तेव्हा सासूबाई बाथरूममध्ये कडी लावून बसल्या होत्या.

बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझं तिकीट काढा. नाशिकला मेले तर निदान शेजारीपाजारी तरी येतील."

नाशिकला त्यांचं होतं कोण? सासरे गेलेले, घराला कुलूप, एकुलता एक मुलगा इथे. तिथे त्या भिंतींकडे बघत झुरल्या असत्या. सासू गेली की सून सुटली, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मला ही बाई घरात हवी होती.

वाळवंटाच्या कडेला एक परदेशी बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळायची. तिच्याकडे मी नवऱ्याला ओढतच नेलं. तिनं जो दाखवला त्याला कुत्रा म्हणावं की वासरू, हा प्रश्न होता. कान कापलेले, डोकं पातेल्याएवढं, मानेवर दोराचा वळ. मेंढ्यांच्या वाड्यावर राखणीला होता. मालकानं मेंढ्या विकल्या आणि याला खुंट्याला तसाच बांधून गेला. "हा शेपूट हलवत नाही," ती बाई इंग्रजीत म्हणाली. "एक जागा धरतो आणि सोडत नाही." मी म्हटलं, आम्हाला तेवढंच हवंय.

घरी आणला तेव्हा सासूबाई दारात उभ्या, तोंड फुगवलेलं. पण लांबून आलेल्या जिवाला तसाच उंबरा ओलांडू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "थांबा," म्हणाल्या आणि आत गेल्या. भाकरी नव्हती, म्हणून बेकरीतल्या खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचाच, तुकडा तोडून आणला, बरोबर पाण्याचा तांब्या. बऱ्याच लांबून हात फिरवत त्याच्यावरून तुकडा ओवाळला आणि बाजूला भिरकावला. कुत्र्यानं मान वळवली, सावकाश चालत गेला आणि तो तुकडा खाल्ला.

भाकरतुकडा टाकायचा तो अंगावरची पीडा जावी म्हणून. आपल्याकडे तो रस्त्यावरचं कुत्रं खातं, हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण ज्याच्यावरून ओवाळला तोच कुत्रा असेल तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

"अगंबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "स्वतःची पीडा स्वतःच खाल्ली की यानं." मग पदर खोचला. "माझ्या हातून झालंय. आता याचं मलाच बघायला हवं."

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमच्या घरात अंडंही शिजत नसे. त्याच्यासाठी मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली. कोंबडी मी शिजवायची, पण नाकाला पदर लावून त्याच्यापुढे ठेवायच्या त्याच. त्यानं जागा धरली ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारातली, त्याच हलवलेल्या दारातली. येता-जाता सासूबाई म्हणायच्या, "अहो, सरका."

"आई, बाबांना हाक मारायचीस तशी काय मारतेस त्याला?" नवरा एकदा चिडवत म्हणाला.

"ते कुठे सरकायचे सांगितल्यावर? हा सरकतो तरी."

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आम्ही पाळीपाळीनं तिकडे. कुत्रा दारातून हलला नाही आणि नीट जेवलाही नाही. मी त्याच्यावर खेकसलेसुद्धा, "एकीचं करू की तुझं करू?" आणि मग तिथेच त्याच्या शेजारी बसून रडले.

त्या घरी आल्या तेव्हा ओवाळायला घरात मोठं कोणी नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवशी मीच पुढे झाले. खुबूसचा तुकडा ओवाळला, त्यांच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा मुद्दाम फाटकाबाहेर जाईल असा फेकला. तो गजावर आपटून आतच पडला. मागच्या दारातून उठून येऊन कुत्र्यानं तो खाल्ला. सासूबाईंनी ते पाहिलं. त्या आत जाऊन निजल्या.

थंडी सुरू झाली आणि त्याचे मागचे पाय गेले. एवढ्या थोराड कुत्र्यांना फार आयुष्य नसतं, असं जनावरांचा डॉक्टर म्हणाला. मीही सासूबाईंना तेच सांगितलं, दहा वेळा सांगितलं. त्या दर वेळी "हो गं" म्हणायच्या. तो गेला त्या सकाळीही त्या त्याच्या तोंडाशी पाण्यात बुडवलेलं फडकं धरून बसल्या होत्या. नवऱ्यानं आणि मी वाळवंटात खड्डा खणला. त्या हट्टानं बरोबर आल्या आणि शेवटी एक मूठ वाळू त्यांनीही टाकली.

पुढच्या वर्षी नाशिकला जाऊन त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. परत आल्या, विमानतळावरून घरी पोचलो. मी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं, आत जाऊन तांब्या आणि खुबूसचा तुकडा घेऊन आले. हात वर करणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको ओवाळूस."

"अहो आई, प्रवासातून आलात, ऑपरेशन झालंय."

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या. "आता माझी पीडा खायला घरात उरलंय कोण? तूच ना."