इन्शिराहची लग्नातली बशी

इजिप्तमधल्या आमच्या तांता गावात इन्शिराह भाजलेले हरभरे विकते. आवाज असा, की तिच्या हाकेनं धावती मिनीबस थांबावी. पण गेल्या रमजानात ती थांबली नाही. रोजा सुटायच्या घटकेला आमची पोरं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे भरल्या बशा पोचवतात, आणि नेमके तेव्हाच ड्रायव्हर भुकेनं आंधळे झालेले असतात. तिची नात रवान खीर घेऊन निघाली. भर रस्त्यात बशी पडली, पोर उचलायला वाकली, आणि मिनीबसच्या धक्क्यानं पाय मोडून बसली.

यंदा आया म्हणाल्या, पुरे झाल्या त्या बशा. रवान तर रस्त्याकडे बघेचना.

"बशा बंद? मग रमजान कशाला म्हणायचं?" इन्शिराहनं महिनाभर आधीच गल्लीत शाळा भरवली. पोरांच्या हातात पाण्यानं काठोकाठ बशा, आणि मिनीबस कोण? ही स्वतः! पोट सावरत, तोंडानं भोंगा वाजवत अंगावर यायची.

"कडेला थांबा! दोन्हीकडे बघा. आता ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघा. गाडी थांबली? मग चाला. पळायचं नाही रे, माकडांनो!"

"आणि बशी पडली तर, आजी?" रवाननं हळूच विचारलं.

"पडू दे! बशा बाजारात मिळतात, नाती नाही मिळत."

"अगं, तुझ्या मिनीबसला धाप लागली," मी म्हटलं. हसता हसता माझी कवळीच निसटली.

पहिल्या रोज्याला आम्ही दोघी खजुराचं ताट घेऊन रस्त्याकडेला उभ्या राहिलो. रोजा सोडायचा खजूर कोण नाकारणार? मिनीबस थांबली.

"लवकर दे गं मावशी, बायको वाट बघतेय!"

"बघू दे की. आधी आमची पोरं जातील."

शेवटी रवान निघाली, आजीची लग्नातली बशी घेऊन. रस्त्याच्या मधोमध बशी हातातून सुटली आणि खळ्ळकन! पोरीनं खिरीकडे पाहिलं, मान वर केली, ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं आणि राणीसारखी संथ चालत पलीकडे गेली.

"फुटली गं फुटली!" इन्शिराह ताटासकट नाचायला लागली.

"मावशी, बशी फुटली म्हणून नाचतेस?"

"लग्नातली होती रे! फुटलेली बशी अरिष्ट घेऊन जाते म्हणतात, ही तर सगळंच घेऊन गेली!"

तेवढ्यात बांग झाली. ड्रायव्हर खजूर चघळत उतरला आणि तुकडे गोळा करू लागला. पलीकडून आवाज आला, "आजी, दुसरी भर! मी येते न्यायला!"

आणि पोर कडेला थांबून दोन्हीकडे बघू लागली.