काकूची गोड वरणफळं

पंचवटीतल्या आमच्या घरात वरणफळं दोन तऱ्हेची व्हायची. आई चांदवडची. ती कणकेचे तुकडे हातानेच तोडून उकळत्या वरणात टाकायची आणि वर लसणाची झणझणीत फोडणी द्यायची. काकू पडली पुण्याची! ती कातण्याने एकसारखे शंकरपाळे कापणार, वर वरणात गूळ घालणार. वरण होतं की दिवाळीचा फराळ? आई त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणायची, आम्ही पोरं काकूच्या देखत नाकं मुरडायचो.

एकदा आई माहेरी गेली आणि मी तापाने फणफणलो. काकूने वरणफळं भरवली. मी दोन ताटल्या चाटूनपुसून खाल्ल्या. संध्याकाळी आई परतली, तेव्हा तिला म्हणालो, "शी! घशाखाली उतरेनात."

काकू मोरीत माझीच ताटली घासत होती.