आधी अंगठा, मग पित्ताशय
माझे जावई दुर्बिणीने ऑपरेशन करणारे सर्जन. पोटाला बारीक भोकं पाडायची, आत कॅमेरा सोडायचा आणि समोरच्या स्क्रीनवर बघत हात चालवायचे. वर्षानुवर्षं हेच करून माणूस स्वतःच्या हातांकडे बघायचंच विसरलाय. कांदासुद्धा टीव्हीकडे बघत चिरतात. आणि बारीक चिरतात, हे मेलं कबूल करावंच लागतं.

माझं खडे झालेलं पित्ताशय जावईच काढणार, असं लेकीने परस्पर ठरवून टाकलं. त्यातच पायाच्या अंगठ्यात लाकडाची सल घुसली. मी स्पष्टच म्हटलं, "आधी ही काढून दाखवा. मग पोटाला हात लावा."

जावईबापूंनी चिमटा उचलला, अंगठ्याकडे पाहिलं, चिमटा खाली ठेवला.

"आई, स्क्रीन लागेल."

झालं! मोबाईल चढला डब्यांच्या उतरंडीवर, त्याचं चित्र टीव्हीवर. टीव्ही उंचावर, त्याने म्हणे मान अवघडते. स्क्रीन नजरेसमोर, किंचित खाली हवी. आमच्या ह्यांनी कण्हत कुंथत टीव्ही स्टुलावर आणला. मग काचेवर उजेड चकाकतो म्हणून खिडकी झाकली. टीव्हीवर माझा अंगठा भोपळ्याएवढा दिसायला लागला. नख कापायला हवं होतं.

"हलू नका हं."

मोबाईलवरचं चित्र टीव्हीवर जरा उशिरा पोचत होतं. त्यामुळे मी आधी ओरडले आणि टीव्हीवर चिमटा मागाहून टोचला. तोही शेजारच्या बोटाला!

"चित्र मागे राहतंय," जावई म्हणाले.

"आणि मी वर चाललेय!"

ह्यांनी टीव्ही बंद केला. "अहो, पाय समोर आहे. त्याच्याकडेच बघा की!"

जावई वाकले. अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि चिमटा पुन्हा खाली ठेवला. माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं दवाखान्यात काय दिवे लावलेत?"

"तिथे सगळं चादरीखाली असतं, आई," ते हळूच म्हणाले. "स्क्रीनवर नुसतं पित्ताशय दिसतं. इथे तुम्ही दिसताय."

लेकीने माणूस बरा निवडलाय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. मी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

सल एका दमात निघाली.

टॉवेलाखालूनच मी सांगितलं, "ऑपरेशन तुम्हीच करा. फक्त त्या दिवशी मला चादर पार डोक्यावरून घाला, म्हणजे तुम्हाला भीती वाटायला नको."

"अगं, डोक्यावरून नको," हे म्हणाले, "लोक रडायला येतील."