लाल फुल्या

लोबानाचा वास आला की मला चंद्रपुरातलं ते सायबर कॅफे आठवतं. तिथले चाचा दुकान उघडलं की आधी लोबान फिरवायचे. मी तेव्हा मल्टिमीडियाचा कोर्स करत होते आणि पोस्टर काढण्याआधी नेटवरची चांगली कामं शोधून आणा, असं सरांनी सांगितलं होतं. नागभीडहून गाडीनं आले, चपला बाहेर काढून बसले. तासाभरात एका परदेशी चित्रकाराची जंगलाची सहा पोस्टरं वरून खाली सरकत कशीबशी उघडली. अंधार हिरवाही असतो, हे जंगलाशेजारी वाढूनही मला तेव्हाच दिसलं. चाचांनी ते पान फ्लॉपीवर घेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात उघडलं तर नुसता मजकूर, आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटीत लाल फुल्या. सगळे हसले. "सर, मी पाह्यली ना जी!" "मग आम्हाले काऊन दिसून नाई राह्यली?" सर म्हणाले. संतापानं माझे डोळे भरले. पुन्हा कॅफेत गेले तर चाचांनी विचारलं, "बेटा, फ्लॉपीत नुसतं पान आलं, चित्रं नेटवरच राहिली. साइटचा पत्ता लिहून घेतला होता का?" नव्हता घेतला. शेवटी आठवेल तसं पोस्टर काढलं, ते सरांनी "लय काळं झालं" म्हणून परत केलं. आज माझं पोट याच कामावर चालतं, नेट क्षणात उघडतं, आणि ती सहा चित्रं मला अजून सापडलेली नाहीत.