खोऱ्याचा चौथा मालक

माझ्या थोरल्या बहिणीचा, सफिया आपाचा नवरा, शाहबाज सोलकर, याला जेवढं कमी कळतं तेवढं तो जास्त बोलतो. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून तो नव्वदच्या सुमाराला ओमानला आला आणि मस्कतपासून अडीच तासांवर, डोंगरात शिरलेल्या वादी सिद्रामध्ये किराणा दुकान चालवू लागला. डाळ-तांदूळ विकता विकता तो त्या खोऱ्याचा इतिहासकार झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, आपला आपणच झाला. मी अमीन, माझं मस्कतच्या अल खौद भागात शिलाईचं दुकान आहे. आपाला भेटायला अधूनमधून शुक्रवारी जायचो, तेव्हा हा इतिहास मला जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ऐकावा लागायचा.

वादी म्हणजे तिथली नदी. कोकणातल्या माणसाला ती नदी वाटतच नाही. वर्षभर नुसते गोटे, आणि वर डोंगरात कुठे पाऊस पडला की खाली रखरखीत उन्हात अचानक लालभडक पाणी. गावाचा खरा जीव आहे तो फलज. डोंगराच्या पोटातून आणलेला दगडी पाट. कुणी खणला ते कुणालाच माहीत नाही, म्हणून प्रत्येक जण म्हणतो आमच्या आजोबाच्या आजोबाने.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात शाहबाजचं फावलं. नवा रस्ता झाला आणि मस्कतची मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून येऊ लागली. मदिनत सुलतान काबूस या पैसेवाल्या वस्तीतली कुटुंबं, काळे चष्मे, इथे सिग्नल नाही म्हणून आईवडिलांकडे इंग्रजीत तक्रार करणारी मुलं. शाहबाज त्यांना दुकानासमोर उभं करून खोऱ्याचा इतिहास सांगायचा. पहिले मालक वरच्या गुहांमधले शेळ्या राखणारे, जंगली लोक. दुसरे खालून आलेले खजूरवाले, त्यांनी पाणी धरलं आणि वरच्यांना पाहुणे ठरवलं. तिसरं सरकार, त्याने रस्ता आणि वीज आणली. चौथा कोण, हे तो सांगत नसे. नुसता छातीवर हात ठेवून हसायचा.

खरं सांगायचं तर त्या खोऱ्यात शहाणा कुणीच नव्हता. वरचे म्हणायचे खालचे चोर, खालचे म्हणायचे वरचे रानटी, आणि दोघांचीही पोरं मस्कतला नोकरीला जाऊन एसीत बसली होती. बापांनी हायवेजवळ सरकारी प्लॉटवर पांढरी घरं बांधली. जुन्या मातीच्या घरांत मजूर भाड्याने राहत होते आणि ज्या खजुरींसाठी यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, त्या आता बांगलादेशी माळी शिंपत होते. तरी दर शुक्रवारी सगळे म्हातारे गाड्या काढून गावात यायचे आणि नमाजनंतर मालक असल्यासारखे सबलात बसायचे. सबला म्हणजे गावाची बैठकीची खोली.

शाहबाजचा जीव त्या सबलात अडकला होता.

तिथे एक रीत आहे. गालिच्यावर गोल बसायचं, खजूर खायचा, कॉफीचे इवलेसे कप फिरतात. मग गावचा मोठा माणूस एकेकाकडे बघून विचारतो, "शै उलूम?" म्हणजे काही खबर? ज्याला विचारलं त्याने म्हणायचं, काही खबर नाही, सगळं खैर आहे. घर जळून आला असला तरी आधी हेच म्हणायचं. बाकीचं मग सावकाश. ही खबर आपल्या माणसालाच विचारतात, किंवा आलेल्या पाहुण्याला. नोकराला, दुकानदाराला कुणी विचारत नाही. तो कॉफी पिऊन उठतो.

शाहबाजने वीस वर्षं अशी कॉफी पिऊन उठण्यात काढली. मग एका शुक्रवारी म्हाताऱ्या सालिम बिन नासिरने, म्हणजे त्याच्या अर्बाबने, ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना होता त्याने, त्यालाही विचारलं. शाहबाजने त्या दिवशी गावाला फोन करून आपल्या आईला सांगितलं. त्या बिचारीला काय कळणार. पण त्याला हयातीत मिळालेला तेवढाच मान होता आणि तो गमावण्याची त्याला सगळ्यात मोठी धास्ती होती, हे आपाला ठाऊक होतं, मलाही होतं.

एवढं असून गाढवाला उत्तर देता आलं नाही कधी. उलूम विचारलं की हा सुरू. कांदा महाग झाला, गाडीचा गिअरबॉक्स गेला, रत्नागिरीत कोण निवडून आलं. म्हातारे दाढी कुरवाळत ऐकून घ्यायचे. त्याला वाटायचं, रंगलेत.

मस्कतची गर्दी वाढली तसा हा हवेत गेला. दुकानाच्या वर, चढावर, त्याने खजुरीच्या झावळ्यांचं छप्पर घातलं, चहा ठेवला, आणि पाहुण्यांच्या पोरांसाठी सिमेंटचं एक छोटं टाकं बांधलं. टाक्यात पाणी कुठून आणायचं? आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्याला पन्हळ लावून पाणी दारात घेतात. आधी पोफळीची लावायचे, आता पाइप. शाहबाजने तेच केलं. फलजला वरच्या अंगाला पाइप लावला, पाणी टाक्यात घेतलं, आणि टाक्यातून परत फलजमध्ये सोडलं. थेंब वाया जात नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण फलजची उतरंड ठरलेली असते. पाट गावात शिरतो तिथे पहिलं तोंड पिण्याच्या पाण्याचं. त्याच्या वर कुणी हातसुद्धा धुवत नाही. अंघोळ खाली, मशीद खाली, खजुरी त्याहून खाली. वरचे शेळीवाले आणि खालचे खजूरवाले भांडले ते सगळ्यावरून भांडले, पण हे एक दोघांनी पाळलं. शाहबाज ते रोज डोळ्यांनी बघत होता आणि त्याच्यावर भाषणही देत होता.

आपाने त्याला पाइप लावतानाच सुनावलं. "आदी पियाचा पानी, मंग पाय. येवडा पन कलत नाय तुमाला?"

"गावाला पन्हल लावताना आपन कुनाला विचारताव?" हा म्हणाला. "मी काय भायरचा हाय?"

पुढच्याच शुक्रवारी सकाळी मस्कतहून भावना नावाच्या एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या. मी तिथेच चहा पीत होतो. मुलं टाक्यात पाय सोडून बसली, साबणाच्या बाटलीतून फुगे उडवू लागली, आणि फेसाचं पाणी पाटातून खाली निघालं. तेवढ्यात सालिम काठी टेकत चढ चढून आला. त्याने टाकं पाहिलं, पाय पाहिले, फेस खाली जाताना पाहिला. शाहबाजने चहा पुढे केला. म्हाताऱ्याने छातीला हात लावून नको म्हटलं, माशाल्ला म्हणाला आणि खाली गेला.

"बगितलास?" शाहबाज मला म्हणाला. "खूश झाला अर्बाब."

आपाने चहाचं भांडं खाली ठेवलं, टाक्यापाशी जाऊन मुलांना हाताला धरून बाहेर काढलं आणि पाइप उपटून टाकला. भावनाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. शाहबाज सगळ्यांदेखत आपावर ओरडला, पण पाइप परत लावायला वेळ नव्हता, नमाजची वेळ झाली होती.

नमाजनंतर मीही त्याच्याबरोबर सबलात गेलो. खजूर आला, कॉफी आली. सालिमने आपल्या डावीकडच्या पुतण्याला उलूम विचारलं. पुतण्या म्हणाला, काही उलूम नाही, सगळं खैर. मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला. त्यानंतर वरच्या डोंगरातला शेळीवाला, वर्षातून दोनदा येणारा, त्यालाही विचारलं. त्याच्या शेजारी शाहबाज, घसा साफ करून बसलेला. मी त्याच्या पलीकडे.

सालिमची नजर त्याच्यावरून सरळ माझ्यावर आली. "शै उलूम, अमीन?"

मी म्हणालो, काही उलूम नाही, सगळं खैर. दुसरं काय म्हणणार होतो? कुणी रागावलं नाही, कुणी पाइपचं नाव काढलं नाही. शाहबाजचा कप भरला, त्याने रिकामा केला, परत भरला. दुकानदाराला देतात तशी पोटभर कॉफी त्याला दिली. कप हलवून पुरे म्हणायचं असतं, तेही तो विसरला आणि वाढणारा ओततच राहिला.

घरी येईपर्यंत तो बोलला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत त्याचं तोंड बंद करायला मला जमलं नव्हतं, ते सालिमने एक शब्द न बोलता केलं. भिंतीला टेकून बसला तेव्हा तो मला प्रथमच त्याच्या वयाचा दिसला.

आपा आतून खजुराची बशी आणि कॉफी घेऊन आली. त्याच्यासमोर ठेवली, पदर सावरून बसली आणि म्हाताऱ्या सालिमच्या थाटात विचारलं, "शै उलूम?"

ती चेष्टा करत होती की त्याला सावरत होती, मला कळलं नाही. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर काढलेल्या बाईला दोन्ही करायचा हक्क आहे.

शाहबाजने खजूर उचलला, परत ठेवला.

"काय उलूम नाय," तो म्हणाला. "सगला खैर."

पहिल्यांदाच त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. ऐकायला खोऱ्यातलं कुणी नव्हतं.