काजूचा धूर आणि पिवळ्या मादीचं मडकं

पहिली पडली ती पांढरी मादी. दांडीवर बसल्या जागी मागे कलंडली आणि पिंजऱ्याच्या तळाच्या पत्र्यावर आपटली. आवाज लहानच झाला, पण खळ्यात चुलीपाशी बसल्या जागी मी तो ऐकला. मान वर केली तर पडवी दिसेना. काजूच्या बियांचा काळा धूर सरळ पडवीत चालला होता. पिंजऱ्यात सहा पाखरं होती आणि आत टांगलेल्या मडक्यात दहा दिवसांची चार पिल्लं.

मी उठले आणि कळशीभर पाणी चुलीवर ओतलं. जन्मभर बिया भाजलेल्या बाईने करू नये तेच केलं. काजूच्या टरफलात तेल असतं. पेटत्या तेलावर पाणी पडलं की ते उडतं. भडका माझ्या कोपरापर्यंत आला आणि धूर होता त्याच्या दुप्पट झाला.

हे कशाने झालं ते सांगते. आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, पडवीच्या भिंतीत ठोकलेला माणूसभर उंचीचा पिंजरा. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तोवर खळ्यात बिया भाजल्या तर धूर घरापासून लांब जातो. दहाच्या पुढे वारा पडतो, थोडा वेळ काहीच हलत नाही, आणि मग तो समुद्रावरून उलटा येतो. त्याच्या आत चूल विझलेली पाहिजे. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. माझा नवरा तर तांडेल होता. बोट कधी बाहेर काढायची ते तो वाऱ्याकडे बघून ठरवायचा.

घराच्या दुसऱ्या भागात माझी थोरली जाऊ राहते. दोघींचेही नवरे गेले, दोघींचीही मुलं मुंबईला. मध्ये एक भिंत. त्या दिवशी ती आपल्या पायरीवर कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"अगो, वारा पडला. चूल विझव आता," ती म्हणाली.

"बघते मी."

"बघतेस काय? तुझी पाखरं पडवीत हायत."

"माझी पाखरं मी बघेन, वैनी. तुम्ही तुमची सोलं बघा."

टोपलीत थोड्याच बिया उरल्या होत्या. तिने सांगितलं नसतं तर मी त्या दुसऱ्या दिवसावर टाकल्या असत्या. तिने सांगितलं म्हणून सगळ्या एकदम चुलीवरच्या पत्र्यावर ओतल्या.

या पाखरांना सगळे लव्हबर्ड म्हणतात. खरं नाव बजी. मालगुंडला एक गृहस्थ ती पाळतात, त्यांच्याकडून मी तीन जोड्या आणल्या होत्या. एक पांढरी, एक हिरवी, आणि एक पिवळी मादी निळ्या नराबरोबर. जाऊ पहिल्या दिवसापासून म्हणत होती, खाऱ्या वाऱ्यात असली पाखरं पिल्लं धरत नाहीत. पिवळीची पहिली अंडी पोकळ निघाली. दुसऱ्या खेपेची तिने स्वतःच फोडली. मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून माकूल माशाची पांढरी हाडं चुन्यासाठी आणून पिंजऱ्याला बांधली, राळ्याचे बारीक दाणे निवडून घातले, मडकं बदललं. तिसऱ्या खेपेला चार पिल्लं निघाली. ती मोठी होऊन उडायला हवी होती. मला तेवढंच हवं होतं आणि जावेच्या डोळ्यांदेखत हवं होतं.

तर भडका उडाला तेव्हा तीच धावत आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारी बाई.

"पाणी नको गो ओतू, तुझा मुडदा बसवला!"

तिने विहिरीवरचं ओलं गोणपाट आणलं होतं. ते चुलीवर टाकलं आणि दोन्ही हातांनी वर माती लोटायला लागली. लोटता लोटता तोंड चालूच होतं.

"घोवाने उभा जन्म वारा बघितलान, नि हिला फिरलेला वारा कळला नाय!"

मी पडवीत शिरले. डोळे उघडे राहत नव्हते. पिंजरा भिंतीत ठोकलेला, तो हलवता येणार नव्हता. पाखरं एकेक करून हाताने काढायची होती, आणि माझ्या हातांना बियांचं तेल लागलेलं. त्या तेलाने माणसाची कातडी सोलते, पाखराचं काय होईल? मी पदर हाताला गुंडाळला आणि दार उघडलं.

एरवी हात आत घातला की पाखरं सगळ्या पिंजऱ्यात उडतात. त्या दिवशी फक्त निळा नर उडाला, दोनदा जाळीवर आपटला आणि खाली बसला. बाकीची हलली नाहीत. मी एकेक उचलून भाताच्या टोपलीत ठेवत गेले, वर फडकं टाकलं. पांढरी मादी मेलेली होती, ती तशीच राहू दिली.

राहिलं मडकं. ते आडवं टांगलेलं असतं, तोंडाला लाकडी फळी आणि फळीला पाखरू जाईल एवढंच भोक. पिवळी त्या भोकात डोकं बाहेर काढून बसली होती. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मी बोट लावलं तरी ना आत गेली ना बाहेर आली. मडकं जाळीला तारेने बांधलं होतं. पूर्वी एकदा मडकं पडलं होतं म्हणून मीच ती तार चार पिळे देऊन आवळली होती. आता ती बोटांनी सुटेना.

"वैनी, पक्कड!" मी ओरडले.

"कुठे हाय?"

"तुमच्याकडेच हाय! गणपतीत नेलीत ती परत कुठे दिलीत?"

"आता भांडतेस?" म्हणाली, पण गेली. ती परत येईपर्यंत मी मडक्याभोवती फडकं धरून उभी राहिले. आतून पिल्लांचा आवाज येत होता. बारीक, करकर असा. तो थांबला तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो मोजल्यासारखा ऐकत होते. जाऊ आली, धुरात खोकत माझ्या हातात पक्कड दिली, मी तार कापली आणि मडकं छातीशी धरून घरातून मागच्या परसवात नेलं. मागे हवा स्वच्छ होती. पाखरांची टोपलीही जावेने तिथेच आणली.

तिथे बघितलं तर पिवळी मेली होती. फळी सोडून तिला भोकातून मागे ओढून काढावी लागली. आत चारही पिल्लं जिवंत होती. तिच्या अंगाने भोक बुजलं होतं म्हणून आत धूर कमी गेला. नंतर शेजारच्या बायका म्हणाल्या, आईने जीव दिला. तसलं काही नाही. मादी भोकात बसून बाहेर बघते, ती तिची सवय. त्या दिवशी ती सवय पिल्लांच्या उपयोगी पडली.

मी मालगुंडच्या गृहस्थांना फोन लावला.

"काकी, काळोख करा आणि हवा येऊ द्या. चोचीत पाणी घालू नका. ज्याची छाती चालते त्याला हात लावू नका."

"पिल्लांचं काय? आई गेली."

"नर आहे?"

"आहे. धापा टाकतोय."

"तो उभा राहिला तर भरवेल. नरही भरवतात. पण मडकं जिथे होतं तिथेच पाहिजे. जागा बदललीत तर तो आत शिरणार नाही."

"पडवी काळी झालीय धुराने."

"मग धुवा," ते म्हणाले. "चारच्या आत लावा. दिवसभर उपाशी राहिली तर एवढीशी पिल्लं सकाळ बघत नाहीत."

मी पाणी तापवलं, सोडा घातला आणि काथ्याने घासायला लागले. जाळी, दांड्या, तळाचा पत्रा, भिंत, वरचे वासे. हाताला जिथे तेल लागलं होतं तिथे सोड्याने आग होत होती. जाऊ पाणी ओढून आणत होती आणि दर कळशीमागे काहीतरी बोलत होती. "चार पिल्लांपायी घर धुवायला काढलंस. सासू गेली तेव्हा एवढं धुतलं नव्हतंस." मी म्हटलं, सासू भिंतीला चिकटून राहिली नव्हती. त्यावर ती हसली आणि मग खोकत बसली. आता तोच खारा वारा जोरात आत येत होता आणि वास काढून नेत होता. सकाळी त्यानेच पाखरं मारली होती.

मध्येच जाऊन मी टोपलीतलं फडकं उचलून बघायची. पांढरा नर आधी गेला. मग हिरवा. हिरवी म्हातारी मादी कोपऱ्यात फुगून बसली होती आणि शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली होत होती. निळा नर पायांवर उभा होता.

साडेतीनला मी मडकं त्याच जाळीला, त्याच खुणेवर, भोकाचं तोंड त्याच बाजूला करून बांधलं. नराला आणि म्हातारीला आत सोडलं, राळं आणि पाणी ठेवलं. मग आम्ही दोघी माजघराच्या दाराआड बसलो. तिथून पिंजरा दिसतो आणि पाखरांना आपण दिसत नाही.

नर दांडीवर गेला. बसला. चार वाजले, साडेचार वाजले. पिल्लं आधी जोरात ओरडत होती, मग थांबून थांबून. नराने दोनदा मान वळवून मडक्याकडे बघितलं. राळ्याला तोंड लावलं नाही. स्वतःच खाल्लं नाही तर भरवणार कुठून?

"तो काय भरवतोय," जाऊ कुजबुजली. "पेज कर पातळ. चमच्याने दे."

"पाखरं देतानाच मालगुंडच्यांनी सांगितलं होतं, हाताने भरवणं कठीण असतं म्हणून."

"कठीण म्हणून बसून मारणार? आपली पोरं काय नराने वाढवली?"

पाच वाजता मी ऐकलं तिचं. मऊ पेज कोमट करून, कापसाच्या वातीने एकेक थेंब द्यायचा असं ठरलं. फळी सोडली आणि सगळ्यांत लहान पिल्लू बाहेर घेतलं, कारण त्याची मान आधीच पडायला लागली होती. अंगावर पिसं नव्हती, पोट उघडं. पहिला थेंब गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्याने मान झटकली, चोचीतून पेज परत आली, आणि ते माझ्या तळहातावर ताणलं गेलं आणि मेलं. पेज श्वासात गेली होती.

जावेने पेजेची वाटी बाजूला सरकवली.

"दुसऱ्याला नको देऊ," ती म्हणाली.

"नाय देत."

फळी परत बांधली. आता नराने आत जावं नाहीतर तिघंही जातील, दुसरा रस्ता नव्हता. वैशाखाचा उकाडा होता, थंडीने मरतील ही भीती नव्हती, पण पोट रिकामं होतं. पिल्लाच्या गळ्याखाली पिशवी असते, भरली की आतलं राळं कातडीतून दिसतं. तिघांच्याही पिशव्या चपट्या होत्या.

जाऊ म्हणाली, "तू आत जा. सारखी बघत राहशील तर ते पाखरू पण घाबरेल."

"तुम्ही पण या मग."

"मी काय, मी भिंतीसारखी बसते."

मी आत गेले नाही. बसून राहिले. समुद्रावर ऊन पिवळं झालं होतं. निळा नर खाली उतरला आणि राळ्याच्या वाटीवर बसला. एक दाणा फोडला, टरफल टाकलं. पुन्हा एक. मग बराच वेळ खात राहिला, मधूनमधून थांबून श्वास घेत. जावेने माझा दंड धरला होता आणि नखं रुतत होती, पण मी दंड सोडवून घेतला नाही.

तो मडक्याच्या तोंडाशी उडाला, भोकाजवळच्या काडीवर बसला आणि आत डोकावला. परत दांडीवर आला. आम्ही दोघीही हललो नाही. मग दुसऱ्यांदा गेला. मान आत, छाती आत, शेवटी शेपटी आत. आतून जो आवाज आला तो सकाळच्यासारखा करकर नव्हता. भरवताना पिल्लं घाईने चिवचिवतात, एकमेकांवर चढतात, तो आवाज होता.

"गेला," जाऊ म्हणाली.

"ऐकते मी."

अंधार पडायच्या आधी तो आणखी दोन वेळा आत गेला. मी फळी सोडली नाही, बघायला गेले नाही. पांढरी जोडी, हिरवा नर, पिवळी आणि ते लहान पिल्लू यांना माडाच्या आळ्यात पुरलं. हात दोन्ही फोडांनी भरले होते, खोबरेल लावून झोपले.

सकाळी उजाडल्यावर फळी सोडली. तिन्ही पिल्लांच्या गळ्याच्या पिशव्या टम्म होत्या आणि आतलं राळं दिसत होतं. पुढचे पंचवीसेक दिवस नराने त्यांना एकट्याने भरवलं. मग ती एकेक करून भोकातून बाहेर आली.

त्या धुरातून निळा नर जगला, हिरवी म्हातारी मादी जगली, आणि पिवळीची तीन पिल्लं जगली.