व्हॉल्व्ह बदलल्यावरची कॅसेट

धूळ बसलेला अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की काचेचे व्हॉल्व्ह तापताना करपट वास येतो आणि मला वारज्याच्या मावशी आठवतात. त्या आईची मैत्रीण. तरुणपणी घरगुती बैठकींत गायच्या आणि त्यांच्या एका बैठकीची कॅसेट आमच्याकडे होती. त्या उन्हाळ्यात मी आवाज अधिक उबदार यावा म्हणून हौसेने नवे व्हॉल्व्ह बसवले होते. फरक पडला होता, निदान मला तरी तसं वाटत होतं. कौतुक करून घ्यायला मी मावशींना भर दुपारी बोलावलं आणि घरघर नको म्हणून पंखाही बंद केला. त्या पदराने वारा घेत बसल्या. कॅसेट लागली, त्यांचा तेव्हाचा भरदार आवाज खोलीभर पसरला आणि थोड्या वेळाने मावशी डोळे मिटून हळूच बरोबर गायला लागल्या. आवाज आता चिरकत होता, पण प्रत्येक जागा बरोबर येत होती. मी म्हणालो, "शूऽऽ, मावशी, ही तान ऐका ना, काय भरीव लागतेय!" त्या तिथेच थांबल्या. उरलेली बाजू त्यांनी निमूट ऐकली आणि शेवटी म्हणाल्या, "छान गाते हो बाई. आता पंखा लाव." दारात उभ्या असलेल्या आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतरही मावशी पुष्कळदा आल्या, पण आमच्याकडे कधी गुणगुणल्या नाहीत. आजही ती तान जवळ आली की मी आवाज अगदी बारीक करतो, पण खोलीत कुणी गात नसतं.